सडा (परिसंस्था)

हा लेख सह्याद्री व कोकणातील खडकाळ पठारांविषयी आहे. अंगणात शिंपडल्या जाणाऱ्या सड्याशी त्याचा संबंध नाही.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे, वरून सपाट व बहुतांशी वृक्षहीन असलेले पठार होय. महाराष्ट्रात सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या पश्चिम भागात, तसेच रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि दक्षिणेस गोव्यात अशी पठारे आढळतात. सातारा जिल्ह्यातील कास पठार, पाचगणीचे टेबललँड, कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आणि राधानगरी अभयारण्यातील सावराई सडा ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत.

वर्षातील सात-आठ महिने सडा ओसाड दिसतो. पावसाळ्यात मात्र त्यावर शेकडो जातींच्या वनस्पती उगवतात आणि त्यांच्या आधाराने कीटक, बेडूक, खेकडे व पक्षी जगतात. यांपैकी अनेक जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे त्या पश्चिम घाट व कोकणाच्या बाहेर नैसर्गिक अवस्थेत कोठेही आढळत नाहीत. काहींचा आढळ तर एक-दोन पठारांपुरताच मर्यादित आहे. मातीची जाडी, पाण्याची पातळी, ऊन, पावसाचे वेळापत्रक आणि परागीभवन करणारा कीटक या सर्व गरजा एकाच ठिकाणी व ठराविक क्रमाने पूर्ण झाल्या तरच या जाती टिकतात. त्यामुळे सडा ही जीवांच्या काटेकोर जीवनगरजांचा अभ्यास करण्यासाठी महत्त्वाची परिसंस्था मानली जाते.

## नाव

कोकणात आणि घाटमाथ्यावर अशा भूभागास सडा, कातळ, कातळसडा, माळ किंवा पठार असे म्हणतात. चंदगड तालुक्यातील कासारसडा, दाजीपूरच्या जंगलातील सावराई सडा, गोव्यातील मुरगावजवळचा सडा अशा स्थलनामांत हा शब्द टिकून आहे. ज्या खडकाने सडा बनतो त्यास जांभा आणि त्याच्या कापून काढलेल्या बांधकामाच्या दगडास चिरा म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातील या खडकास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते बनले आहे. हा खडक ओला असताना सहज कापता येतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो, या गुणावरून हे नाव सुचले.

महसुली दप्तरात लागवडीस अयोग्य जमिनीची नोंद ‘पोटखराब’ अशी होते. सड्यांचा मोठा भाग अशा नोंदींखाली किंवा ‘पडीक जमीन’ या वर्गात मोडतो. शेतीच्या दृष्टीने ही नोंद बरोबर असली, तरी तिच्यामुळे तेथील जीवसृष्टी हिशेबाबाहेर राहते, असे अभ्यासक निदर्शनास आणतात.

## निर्मिती

उष्ण व भरपूर पावसाच्या हवामानात मूळ खडकाची दीर्घकाळ झीज होऊन जांभा तयार होतो. सह्याद्रीत हा मूळ खडक प्रामुख्याने बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. पाण्याबरोबर सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखे घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. लोहामुळे खडकास तांबूस रंग येतो. जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असते तेथे बॉक्साइटचे साठे सापडतात.

उंचीनुसार सड्यांचे दोन प्रकार केले जातात. घाटमाथ्यावरील सडे उंच पठारांवर असतात. कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. कोकणातील सडे बहुधा २०० मीटरपेक्षा कमी उंचीवर, समुद्राच्या जवळ असतात. दोहोंची जडणघडण सारखी असली तरी तापमान, धुके व पावसाचे मान यांत फरक असल्यामुळे त्यांवरील अनेक जाती वेगळ्या आहेत.

## वर्षाचे चक्र

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जिल्ह्यातील सडे या पश्चिमेकडील अतिपावसाच्या पट्ट्यात आहेत. लगतच्या आंबोलीत सरासरी पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात आहे. मात्र यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

त्यामुळे एकाच जागेवर दोन टोकाच्या अवस्था येतात. पावसाळ्यात उथळ माती पाण्याने संपृक्त होते, खळग्यांत पाणी साचते आणि मातीतील हवा जवळजवळ नाहीशी होते. ऑक्टोबरनंतर तीच माती काही आठवड्यांत कोरडी पडते. उन्हाळ्यात उघडा कातळ इतका तापतो की त्यावर अनवाणी उभे राहणे कठीण होते. सड्यावर कायम राहणाऱ्या जीवास जलमयता व दुष्काळ या दोन्ही अवस्था निभावाव्या लागतात, किंवा त्यांपैकी एक अवस्था बी, कंद अथवा अंड्याच्या रूपात काढावी लागते.

जूनच्या पहिल्या पावसानंतर शेवाळी व कंदवर्गीय वनस्पती प्रथम दिसू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ जागेतील वनस्पती फुलतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा मुख्य बहर असतो. त्यानंतर गवत पिवळे पडते व बिया गळतात.

## सहनमर्यादेचे तत्त्व

सड्यावरील जीवांच्या गरजा समजून घेण्यासाठी परिस्थितिविज्ञानातील दोन तत्त्वे उपयोगी पडतात. वनस्पतीची वाढ तिला मिळणाऱ्या एकूण पोषणावर नव्हे, तर गरजेच्या मानाने सर्वांत कमी उपलब्ध असलेल्या घटकावर अवलंबून असते, हे तत्त्व जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४० च्या सुमारास प्रसिद्धीस आणले. त्यास न्यूनतमाचा नियम म्हणतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ व्हिक्टर शेल्फर्ड याने १९१३ मध्ये त्यास सहनमर्यादेच्या नियमाची जोड दिली. एखादा घटक कमी पडला म्हणून जसा जीव मरतो, तसा तो अति झाला म्हणूनही मरतो. प्रत्येक जातीसाठी किमान व कमाल या दोन मर्यादा असतात आणि त्यांच्यामधील पट्ट्यातच ती जगू शकते.

कावळा, टणटणी किंवा गाजरगवत यांच्या बाबतीत हा पट्टा रुंद असतो. म्हणून ते गावात, शेतात व रानात सारखेच आढळतात. सड्यावरील कित्येक जातींच्या बाबतीत तो फार अरुंद असतो. अशा जातीस सड्यावरच्या निकृष्ट मातीऐवजी बागेतील खतावलेली माती दिली, तरी ती तगेलच असे नाही. तेथे वेगाने वाढणारे गवत व तण तिला झाकून टाकतात आणि तिच्या कंदास लागणारा कोरडा काळ मिळत नाही. सड्यावरील दारिद्र्य हेच तिचे संरक्षण असते.

## सूक्ष्म अधिवास

दुरून सलग दिसणारा सडा प्रत्यक्षात लहान लहान अधिवासांचा समूह असतो. उघडा कातळ, खडकातील भेगा, पावसात भरणारी उथळ डबकी, अधिक काळ पाणी धरणारी तळी, काही सेंटिमीटर मातीचा पातळ थर, थोडी खोल मातीची पट्टी, सुट्या दगडांखालची ओलसर जागा आणि पठाराची धार, हे त्यांतील प्रमुख होत. दोन अधिवासांतील अंतर कधी कधी हातभर असते, परंतु त्यांतील जाती भिन्न असतात.

उघड्या कातळावरचा काळसर थर म्हणजे नीलहरित जीवाणू व दगडफुले यांची वसाहत असते. पाणी मिळताच ती सजीव क्रिया सुरू करते व वाळताच थांबवते. काही नीलहरित जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात आणि त्यामुळे निकृष्ट मातीस थोडेफार पोषण मिळते. ट्रायपोगॉन वंशातील गवतेही पूर्ण सुकून पुन्हा हिरवी होऊ शकतात. म्हणून त्यांची गणना पुनरुज्जीवी वनस्पतींत होते.

## वनस्पती

### कीटकभक्षी वनस्पती

सड्यावरील मातीत नायट्रोजन व फॉस्फरस अत्यल्प असतात. ही उणीव काही वनस्पतींनी प्राण्यांपासून पोषण मिळवून भरून काढली आहे. ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी जांभळी फुले युट्रिक्युलारिया वंशाची आहेत. या वनस्पतींना खरी मुळे नसतात. त्यांच्या जमिनीतील धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच झडप उघडते आणि तो पाण्याबरोबर आत ओढला जातो. ही क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अल्प काळात घडते. पिशवीत पाणी ओढले गेले तरच सापळा चालतो. म्हणून मातीत पाण्याचा पापुद्रा टिकून राहणे ही या वनस्पतींची अपरिहार्य गरज आहे. चर खणून पठारावरील पाणी काढून दिल्यास त्या नाहीशा होतात.

ड्रोसेरा, म्हणजे दवबिंदू, ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या पानांवरील ग्रंथियुक्त केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतात व त्यांना लहान कीटक चिकटतात. तिला भरपूर ऊन लागते. उंच गवताची सावली पडल्यास ती मागे हटते.

### पाणथळ व कंदवर्गीय वनस्पती

पांढऱ्या गोलसर फुलोऱ्यांचे गेंद (एरिओकॉलॉन) पाण्याने भिजलेल्या पातळ मातीत दाटीने उगवतात. उथळ तळ्यांत वायतुरा (अपोनोजेटॉन सातारेन्सिस) आढळतो. या जातीचे शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि साताऱ्यावरून तिचे नाव ठेवण्यात आले. तिची नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यामुळे बी धरण्यासाठी दोन्ही प्रकारची झाडे परागवाहक कीटकाच्या आवाक्यात असावी लागतात. पाणी आटल्यावर तिचा कंद चिखलात सुप्त राहतो.

कोकण व गोव्यातील सड्यांवर दीपकाडी (डिपकाडी कोंकनेन्से) पावसाच्या सुरुवातीस पांढऱ्या फुलांनी बहरते. इतर गवत उंच वाढण्यापूर्वीचा हा थोडा अवधी तिच्यासाठी निर्णायक असतो. थोड्या खोल मातीत कवला, तेरडा व सोनकी यांचे ताटवे दिसतात. टोपली कारवी दर सात वर्षांनी एकाच वेळी फुलते. अशा वनस्पतीच्या फुलोऱ्याच्या हंगामात हानी झाली तर पुढील संधी सात वर्षांनी येते.

वर्षायू वनस्पतींना वेळ पाळावी लागते. बी एप्रिल-मेमधील वळवाच्या सरीने रुजले, तर मधल्या कोरड्या दिवसांत रोप जळण्याचा धोका असतो. उशिरा रुजल्यास फळ धरण्यापूर्वीच माती सुकते. बियांची सुप्तावस्था ही या धोक्यावरची तजवीज आहे. ठराविक काळ लोटल्याशिवाय व पुरेशी ओल मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत.

### कंदीलपुष्प

कंदीलपुष्प (सेरोपेजिया) हा रुई-मांदारच्या कुळातील वंश आहे. काही भागांत त्यातील जातींना हमण म्हणतात. लिनीअसने १७५३ मध्ये या वंशास नाव दिले. भारतात त्याच्या साठच्या आसपास जाती आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच पश्चिम घाटात प्रदेशनिष्ठ आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये या वंशावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. २००६ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीवरील सेरोपेजिया अंजनेरिका व सिंधुदुर्गातील सेरोपेजिया मोहनरामी या जातींची भर पडली. अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावर सापडलेल्या नव्या जातीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ सेरोपेजिया शिवरायीना हे नाव देण्यात आले. यांतील सर्वच जाती सड्यावर वाढत नाहीत. काही पठारावरील गवतात, काही गडांच्या कड्यांवर व काही झुडुपांच्या आधाराने वेलीसारख्या वाढतात.

या वनस्पतीच्या जीवनक्रमात प्रत्येक टप्प्यावर एकेक अट असते. पावसाळ्यात कंदातून कोंब फुटतो. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फूल येते. फुलाचा तळ फुगीर, मधला भाग अरुंद नळीसारखा आणि वरच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात. त्यामुळे त्याचा आकार कंदिलासारखा दिसतो. गंधाने आकर्षित झालेल्या लहान माश्या नळीतून आत उतरतात. नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे त्यांना परत फिरता येत नाही. तळाशी फिरताना परागपुंजांची जोडी माशीच्या मुखांगास अडकते. काही काळाने केस सुकतात, फूल झुकते व माशी सुटते. तीच माशी दुसऱ्या फुलात शिरली आणि परागपुंज नेमक्या खाचेत बसला, तरच परागीभवन होते.

माशीचा आकार नळीपेक्षा मोठा असून चालत नाही आणि फार लहान असूनही परागपुंज अडकत नाही. फुलाचा गंधही ठराविक माश्यांनाच ओढतो. दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवरील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या फुलाचा गंध जखमी मधमाशीच्या गंधाशी मिळताजुळता असतो. कोळ्यांनी पकडलेल्या मधमाश्यांच्या द्रवावर जगणाऱ्या माश्या त्यास फसतात. म्हणजे त्या फुलाचे बी धरणे माशीवर, माशीचे जगणे मधमाशी व कोळ्यावर आणि मधमाशीचे इतर फुलांवर अवलंबून असते. एका जातीचे रक्षण तिच्याभोवतीच्या परिसंस्थेशिवाय होऊ शकत नाही, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

परागीभवन झाल्यास शिंगांसारख्या लांब शेंगा धरतात. त्यांतील बियांना रेशमी केसांचा झुपका असतो व वाऱ्यासोबत त्या पसरतात. परंतु फार थोड्या फुलांतून शेंगा धरतात. शिवाय या वनस्पतीचे कंद खाण्यायोग्य असल्यामुळे माणसे, रानडुकरे व साळिंदर ते खणून काढतात. कंद गेला की त्या झाडाची पुढील सर्व वर्षे एकदम संपतात.

## प्राणी

आंबोली टोड (झँथोफ्राइनी टायग्रिना) हा लहान भेक आंबोली परिसरात आढळतो. त्याचे वर्णन एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली आहे. याच वंशातील दुसरी जात कोयना परिसरात आहे. आंबोली टोड पावसाच्या आरंभी काही दिवसांतच, जांभ्या कातळावरील उथळ डबक्यांत अंडी घालतो. या डबक्यांत मासे नसतात, ही त्याच्या दृष्टीने अनुकूल बाब होय. परंतु पावसाने ओढ दिली तर डबके आटते, आणि अतिवृष्टी झाली तर अंडी वाहून जातात. डबके टिकलेल्या अवधीतच भैरांचा भेक व्हावा लागतो. प्रजननाच्या त्याच दिवसांत प्रौढ भेक रस्ता ओलांडताना वाहनांखाली सापडतात.

देवगांडूळ हे पाय नसलेले उभयचर प्राणी सुट्या दगडांखाली व ओल्या मातीत राहतात. त्यांची त्वचा नेहमी ओलसर असावी लागते, कारण ते काही प्रमाणात तिच्याद्वारे श्वसन करतात. गेजेनिओफिस डॅनिएली ही त्यांतील जात आंबोलीतून २००३ मध्ये वर्णिली गेली. हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस ही पाल सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ मध्ये नोंदवली गेली. तीही दिवसा दगडांखाली आश्रय घेते. कुतूहलाने दगड उलटून तसाच ठेवल्यास त्याखालची ओल उडून जाते आणि आश्रय नष्ट होतो.

पावसाळी डबक्यांत परी-झिंगे व त्यांचे इतर सूक्ष्म नातलग दिसतात. त्यांची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षे टिकू शकतात व पाणी मिळताच फुटतात. घाटियाना वंशातील रंगीत खेकडे जांभ्याच्या छिद्रांत व भेगांत राहतात. गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या अंड्यांतून थेट लहान खेकडेच बाहेर पडतात. त्यांची पिले प्रवाहाबरोबर दूर पसरत नाहीत, म्हणून एकेका पठारावर वेगळ्या जाती निर्माण झालेल्या दिसतात. टिटवी व चंडोल उघड्या जमिनीवर घरटी करतात. दाजीपूर परिसरात गवे चरण्यासाठी सड्यांवर येतात.

## मानवी संबंध

सडे निर्मनुष्य नाहीत. धनगर व इतर पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या येथे गुरे चारत आले आहेत. मर्यादित चराईमुळे गवत आखूड राहते व लहान फुलझाडांस ऊन मिळते. उलट अति चराईने माती उघडी पडते. कास पठारावर कुंपण घातल्यानंतर गवत वाढून फुले कमी होतात काय, हा विषय स्थानिक रहिवासी व अभ्यासक यांच्यात चर्चिला गेला. थोड्या खोल मातीत भात व नाचणीची शेती होते.

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी वाट मसाई पठारावरून जाते. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले त्या प्रसंगाशी ती निगडित आहे. कोकणातील सड्यांवर प्रागैतिहासिक कातळशिल्पे असून २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला.

सड्यांवर पडलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पंचगंगेस मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या जिल्ह्याच्या याच पश्चिम पट्ट्यातून येतात. त्यामुळे सड्यांचा प्रश्न केवळ दुर्मीळ फुलांपुरता मर्यादित राहत नाही.

## धोके

- खाणकाम : कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी व चंदगड तालुक्यांतील पठारांवर बॉक्साइटचे साठे असून तेथे खाणी निघाल्या आहेत. कोकणात चिऱ्यांच्या खाणी मोठ्या संख्येने आहेत. खाणीत प्रथम वरचा थर काढला जातो, आणि बिया, कंद व सूक्ष्मजीव याच थरात असतात. नंतर खड्डा भरून झाडे लावली तरी हजारो वर्षांत घडलेला कातळ, त्यातील डबकी व पाण्याचे मार्ग परत येत नाहीत.
- वृक्षारोपण : सडा उजाड समजून त्यावर खड्डे खणून, बाहेरची माती टाकून झाडे लावली जातात. ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी झाडे जगली तर त्यांच्या सावलीने व पाल्याने ऊन मागणाऱ्या जाती नाहीशा होतात. बाहेरच्या मातीबरोबर तणांच्या बियाही येतात.
- फळबागा : कोकणात कातळ फोडून व माती भरून आंबा-काजूच्या बागा केल्या जातात. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने त्या महत्त्वाच्या आहेत, मात्र त्याखालील मूळ अधिवास कायमचा झाकला जातो.
- पर्यटन : फुलांच्या हंगामात ओल्या मातीवरून माणसे व वाहने फिरल्याने ती घट्ट दाबली जाते. बिया धरण्यापूर्वीच झाडे तुडवली जातात. चाकोरीतून पाणी वाहू लागले की आसपासचा पाणथळ भाग आटतो.
- रस्ते, पवनचक्क्या व बांधकामे : यांमुळे पठाराचे तुकडे पडतात आणि पाण्याचा नैसर्गिक उतार बदलतो.
- हवामानातील बदल : पावसाचे आगमन, मधला खंड व परतीचा काळ यांत बदल झाल्यास, अरुंद कालमर्यादेत जीवनक्रम पुरा करणाऱ्या जातींना प्रथम झळ पोहोचते. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या जातींना अधिक वर सरकण्यास जागा नसते.

## संवर्धन

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून स्वीकार केला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान व राधानगरी अभयारण्य यांचा समावेश आहे. राधानगरीचे जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये तेथे दाजीपूर गवा अभयारण्य घोषित झाले आणि १९८५ मध्ये क्षेत्र वाढून ते ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यातील विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा–भुदरगड, चंदगड व मसाई पठार या क्षेत्रांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. पश्चिम घाटाच्या रक्षणासंबंधी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल सादर केला होता. तरीही अनेक सडे खासगी मालकीचे किंवा गावाच्या सामाईक मालकीचे असून संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर आहेत.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग या क्षेत्रातील महत्त्वाचे केंद्र आहे. डॉ. एस. आर. यादव व डॉ. एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींविषयीचा ग्रंथ २००२ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या अनेक जाती जोपासण्यात आल्या असून बिया व ऊतिसंवर्धनाच्या साहाय्याने त्यांची रोपे तयार करण्याचे काम झाले आहे. खडकाळ पठारांच्या परिसंस्थेच्या अभ्यासात डॉ. अपर्णा वाटवे यांचे कार्य उल्लेखनीय आहे.

उद्यानात जाती जतन करण्यास अधिवासाबाहेरील संवर्धन म्हणतात. एखादी जात समूळ नष्ट होण्यापासून वाचवण्यास ते उपयुक्त आहे. त्याला मर्यादाही आहेत. उद्यानातील कुंडीत कंद जगतो, परंतु त्याच्या माशीचे जीवनचक्र तेथे नसते आणि परागीभवन हाताने करावे लागते. रोपे पुन्हा रानात लावायची झाली तरी त्यासाठी मूळ सडा शिल्लक असावा लागतो. त्यामुळे अधिवासाचे रक्षण हाच मुख्य उपाय आणि उद्यान हा त्यास पूरक उपाय, असे मानले जाते.

सड्यास भेट देणाऱ्यांनी मळलेल्या वाटेवरूनच चालावे, वाहन पठारावर नेऊ नये, दगड उलटू नयेत, फुले व कंद काढू नयेत, तसेच दुर्मीळ वनस्पतींची नेमकी जागा प्रसिद्ध करू नये, अशा सूचना अभ्यासक करतात. सड्याची ‘पडीक’ ही नोंद बदलून त्यास स्वतंत्र परिसंस्थेचा दर्जा मिळावा, अशीही मागणी आहे.

## हेही पाहा

- कास पठार
- मसाई पठार
- राधानगरी अभयारण्य
- जांभा खडक
- कंदीलपुष्प
- प्रदेशनिष्ठ जाती
- कीटकभक्षी वनस्पती